खरखरीच्या मागावर

आमच्या गावाचं नाव श्रीरामपूर, रेल्वे स्टेशनचं बेलापूर. नवा पाहुणा हमखास गोंधळतो. हॅम रेडिओच्या रिपीटरवरची खरखरही तशीच चकवते. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारा रिपीटर ऐकतो मात्र ६०० किलोहर्ट्झ खाली. त्रास असतो तो त्याच्या कानाला, म्हणून शोधायचं खाली. एवढं उमगायला मला नव्वदच्या दशकातला एक अख्खा उन्हाळा लागला.

तेव्हा संशयित दोनच. गच्च्यांवरच्या टीव्ही अँटेनांचे बूस्टर; बिघडले की तेच ट्रान्समीटर होऊन बसत. आणि उसाच्या मोटारींसाठी शिवारभर फिरलेल्या ११ केव्हीच्या लाईनी. सैल क्लॅम्प, तडकलेलं चिनीमातीचं इन्सुलेटर, तिथे बारीक ठिणगी. ही ठिणगी कोरड्या हवेत माजते. एप्रिल-मेमध्ये कान किटायचे. मृगाच्या सरी आल्या की सगळं शांत, आणि तक्रारीचा पुरावाही वाहून गेलेला!

आमचं हत्यार साधा ट्रान्झिस्टर. आतल्या फेराइट सळीचं टोक उगमाकडे वळलं की आवाज बसतो. म्हणजे सायकलवर हिंडून आम्ही शोधायचो ती शांतता. दोन जागांवरून नकाशावर रेघा मारायच्या, छेदतील तिकडे निघायचं. पण लाईनीजवळ गेलं की प्रत्येक खांब सारखाच बोंबलतो, कारण तारच खरखर वाहून नेते. मग वरच्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. तिथे ती फार लांब पोचत नाही, त्यामुळे नेमका खांब सापडतो. हातात यागी अँटेना पाहून लोक विचारत, “टीव्हीवाले का?”

नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. आकाशातले क्षीण संदेश टिपणाऱ्या त्या यंत्रालाही याच ठिणग्या छळतात. तिथे आता निरीक्षण चालू असतानाच ही खरखर गाळली जाते. आम्ही अजून खांबच मोजतोय.

बूस्टर गेले, एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर आले. पावसाला ते दाद देत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस कोपऱ्यावरच्या डीपीला शिव्या घातल्या. चोर निघाला माझ्याच टेबलाखालचा स्वस्तातला चार्जर.

तेव्हा खरखर आली तर बॅटरीवरचा रेडिओ चालू ठेवा आणि आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडा. वायरमनला फोन त्यानंतर.