निळ्या खुणा आणि न आलेलं उत्तर

मैत्रिणीला मेसेज केला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. ‘कामात असेल’ म्हणून बरेच जण सोडून देतात. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या एखादीला मात्र त्या क्षणी खात्रीच वाटू शकते, की मी तिला नकोशी झालेय. मग संताप, भांडण, कधी स्वतःलाच इजा.

अशांसाठी लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी १९९०च्या दशकात ‘मेंटलायझेशन’वर आधारलेली उपचारपद्धती घडवली. वागण्यामागचे विचार आणि भावना ताडणं, आपलेही नि समोरच्याचेही, हा तिचा गाभा. भावना उसळल्या की हे भान तुमचं-आमचंही सुटतं. या विकारात ते फार लवकर सुटतं.

गंमत म्हणजे इथे थेरपिस्ट सर्वज्ञाचा आव आणत नाही. ‘हे सगळं तुमच्या बालपणामुळे’ असा निकाल तर नाहीच नाही. बोलणं तावातावाने सुरू झालं की तो म्हणतो, ‘थांबा, जरा मागे जाऊ. खुणा निळ्या दिसल्या तेव्हा नेमकं काय वाटलं? तिचं तिकडे आणखी काय चाललं असेल?’ स्वतःचा अंदाज चुकला, तर तेही सांगून टाकतो.

२००८ मध्ये ४१ रुग्णांचा, उपचार सुरू झाल्यापासून आठ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ७४ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता; या पद्धतीच्या गटात २३ टक्क्यांनी. नमुना लहान आहे खरा, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. रोजच्या सामाजिक जीवनातल्या अडचणी मात्र या गटातल्या अनेकांच्या शिल्लक होत्या.