फाइल समोर आहे, मग लाटेकला दिसत का नाही?

जर्मनीत मास्टर्स किंवा पीएचडी करत असाल, तर प्रबंध लाटेकमध्ये लिहायची वेळ कधी ना कधी येतेच. इथे त्याची मुळं खोल आहेत. टेक वापरणाऱ्यांची 'दांते' ही जर्मन संघटना १९८९ मध्ये हायडेलबर्गला स्थापन झाली. १९९४ साली आलेल्या आजच्या लाटेकमागेही माइन्झमधले फ्रांक मिटलबाख आणि राइनर श्योप्फ होते.

आता समजा, तुमच्या फोल्डरमध्ये एक मुख्य फाइल आहे आणि आत प्रत्येक प्रकरणाचं वेगळं फोल्डर. तिसऱ्या प्रकरणाच्या शेजारीच आलेख ठेवलाय, तरी 'फाइल सापडली नाही' असं येतं. का?

कारण 'इनपुट' म्हणजे त्या जागी मजकूर चिकटवणं. चिकटवलेल्या प्रकरणाला स्वतःचं घर उरत नाही. पत्ता मोजला जातो तो प्रोग्राम जिथून चालवला तिथून, म्हणजे बहुधा मुख्य फाइलच्या फोल्डरपासून. म्हणून सगळे पत्ते तिथून लिहा. नाहीतर 'इम्पोर्ट' पॅकेज वापरा. ते प्रकरणाच्या फोल्डरलाच आधार मानतं.

पॅकेज शोधायची रीत वेगळी. टेक लाइव्हमध्ये हे काम 'केपाथसी' करतं. आधी चालू फोल्डर, मग तुमचा वैयक्तिक साठा, मग संगणकाचा सामाईक साठा आणि शेवटी मूळ वितरण. पहिली सापडलेली फाइल घ्यायची आणि थांबायचं. त्यामुळे एखाद्या सीनियरकडून आलेली पॅकेजची जुनी प्रत तुमच्या फोल्डरात पडून असेल, तर नवीन कितीही वेळा इन्स्टॉल करा, वापरली जाते ती जुनीच! शंका आली की लॉग फाइल उघडा. कुठली फाइल कुठून घेतली ते तिथे लिहिलेलं असतं.

आणखी एक सापळा. नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर विंडोज आणि मॅक सहसा एकच मानतात, लिनक्स मानत नाही. लॅपटॉपवर चालणारा प्रबंध विद्यापीठाच्या सर्व्हरवर कधीकधी यामुळेही अडू शकतो. जर्मन ऊमलाउटचं अक्षरही युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. म्हणून फाइलच्या नावात साधी स्मॉल अक्षरं बरी. ऊमलाउट आणि मोकळी जागा नको.

लिहिताना प्रकरणं 'इन्क्लूड'ने जोडा. मग 'इन्क्लूडओन्ली' सांगून एकच प्रकरण छापून बघता येतं. बाकीच्यांचे पृष्ठक्रमांक आणि संदर्भ आधीच्या फेरीतून जपलेले राहतात.

आणि प्रबंध जमा करायच्या आठवडाभर आधी एक करा. पूर्ण फोल्डर मित्राच्या संगणकावर न्या आणि चालवून बघा. तुमच्या संगणकावर कुठेतरी लपलेली, फोल्डरात नसलेली फाइल तिथेच उघडी पडते. तेव्हा कळलेलं बरं, शेवटच्या रात्री नको.