सोनेरी मुलाम्याचे मोल किती?

रत्नागिरी (प्रतिनिधी) - महागड्या माउंटन बाइकच्या पुढच्या चिमट्याच्या नळ्या काही वेळा सोनेरी दिसतात. हा रंग केवळ शोभेचा नव्हे. फॉक्स कंपनी वापरत असलेल्या ‘काशिमा’ या जपानी प्रक्रियेत ॲल्युमिनिअमवरील कठीण थराच्या सूक्ष्म छिद्रांत मोलिब्डेनम डायसल्फाइड हे घन वंगण भरले जाते. त्यामुळे नळी बुश आणि ऑइल सीलमधून सहज सरकते व बारीक हादरेही शोषले जातात.

मात्र, साधा ॲनोडाइज्ड थरही पुरेसा गुळगुळीत असतो. घर्षण वाढते ते प्रामुख्याने सीलमध्ये साचलेली धूळ, आटलेले तेल आणि झिजलेले बुश यांमुळे. जांभ्याची तांबडी धूळ, खारा वारा आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सोसणाऱ्या रत्नागिरीत हे अधिकच खरे. चिखलाने ओरखडे पडल्यास सोनेरी नळीही निकामी होऊ शकते.

फॉक्स कंपनीही 125 तासांच्या वापरानंतर किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंगची शिफारस करते. स्पर्धेत उतरणाऱ्यांना मुलाम्याचा सूक्ष्म फरक जाणवेल. हौशी सायकलस्वारांनी मात्र तोच पैसा नवे सील व तेल यांवर खर्चावा आणि प्रत्येक फेरीनंतर नळ्या पुसाव्यात, हेच श्रेयस्कर.