मुलाकडे परदेशात राहायला जाताय? आधी पेन्शनचा बंदोबस्त करा

नोकरीत असताना मुलगा दुबईला, शारजाला किंवा रियाधला गेला. तिथे त्याचं बस्तान बसलं. इकडे आई-वडील निवृत्त झाले आणि मुलगा म्हणाला, "अब्बा, आता दोघं इकडेच या." कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज-सांगलीच्या आपल्या अनेक घरांत ही गोष्ट ओळखीची आहे. तिकीट निघतं, बॅगा भरल्या जातात, नातेवाईक भेटून जातात. पेन्शनचं काय, बँकेचं काय, हे मात्र "बघू नंतर" म्हणून राहून जातं. अडचण तिथूनच सुरू होते. म्हणून निघण्याआधी काय काय उरकायचं, ते आपण नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न: भेटीला की राहायला?

बँकेचे आणि कराचे नियम या एका उत्तरावर बदलतात. व्हिजिट व्हिसावर दोन-तीन महिने जाऊन परत येणार असाल, तर तुम्ही भारतातले रहिवासीच राहता. खात्यात काही बदलावं लागत नाही. पण रेसिडेन्सी व्हिसा घेऊन, परत कधी यायचं हे न ठरवता गेलात, तर परकीय चलन कायद्याच्या (फेमा) दृष्टीने तुम्ही अनिवासी होता. मग साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खातं करून घ्यावं लागतं. त्यात पेन्शन आणि घरभाडं पूर्वीसारखंच जमा होतं.

प्राप्तिकराचा हिशोब वेगळा आहे. तिथे एप्रिल ते मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होता हे मोजलं जातं. 182 दिवसांचा नियम म्हणतात तो हाच. अनिवासी झाल्यावर ज्येष्ठांचा 15 एच फॉर्म भरता येत नाही. एनआरओ खात्यावर व्याज जमा झालं की त्यातून 30 टक्के दराने कर आधीच कापला जातो, वर उपकर. खरा कर त्यापेक्षा कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही अनिवासी माणसाला नव्याने उघडता येत नाही. व्याज घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या दीनचा प्रश्न. कर मात्र खात्यावर जमा झालेल्या रकमेवर लागतो.

नोव्हेंबर विसरू नका

सरकारी पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो गेला नाही तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते, पण मधले महिने हात रिकामा. एसटी, साखर कारखाना किंवा खाजगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएसची पेन्शन असेल, तर दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

परदेशातून दाखल्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मोबाइलवर आधारशी जोडलेलं 'जीवन प्रमाण'. 2021 पासून त्यात चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. दुसरा म्हणजे भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून घेतलेला कागदी दाखला. तुमच्या पेन्शनला कोणता चालतो, हे निघण्याआधी बँकेत किंवा कोषागारात विचारा. मोबाइलचा रस्ता असेल तर इथे असतानाच एकदा करून बघा. आधारवरचा जुना फोटो, बंद पडलेला नंबर या गोष्टी इथे तासाभरात कळतात. तिथे त्याच गोष्टींना महिने लागतात.

सिमकार्ड म्हणजे तिजोरीची किल्ली

आज बँक, आधार, पेन्शन सगळं ओटीपीवर चालतं. तुमचा भारतातला नंबर बराच काळ वापराविना राहिला तर कंपनी तो बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. म्हणून रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवा. ज्या खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार होत नाही, ते बँक निष्क्रिय करते. दोन-तीन बँकांत थोडे थोडे पैसे पडून असतील तर जाण्याआधी एका ठिकाणी आणा.

घरभाडं, घरफाळा, शेताची कागदपत्रं पाहायला इथे कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं. कोणती कामं करायची तेवढीच त्यात लिहा. 'सर्व अधिकार' लिहून मोकळे होऊ नका. तिथे गेल्यावर करायचं झालं तर दूतावासात सही करावी लागते आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

तीच पेन्शन तिकडे कमी का पडते?

दिरहम आणि रियाल दोन्ही डॉलरला बांधलेले आहेत. रुपया घसरला की मुलाने पाठवलेल्या पैशांचे इथे जास्त रुपये होतात. आपण तिकडे गेलो की हिशोब उलटा होतो. 2014 मध्ये एक दिरहम साधारण साडेसोळा रुपयांना होता. 2025 पर्यंत तो तेवीस रुपयांच्या वर गेला. म्हणजे 30 हजार रुपयांच्या पेन्शनचे तेव्हा अठराशे दिरहम झाले असते, 2025 च्या त्या दराने तेराशेच्या आसपास. म्हणून रोजचा खर्च मुलाच्या पगारातून आणि पेन्शन भारतातच शिल्लक, ही वाटणी बहुतेक घरांना परवडते.

तिथे प्राप्तिकर नाही, पण खर्च आहेत. यूएईत वस्तूंवर 5 टक्के व्हॅट आहे, सौदीत 2020 पासून 15 टक्के. सौदीत आश्रित माणसामागे महिन्याला 400 रियाल फी बसते. सगळ्यात मोठा खर्च दवाखान्याचा. बीपी, शुगर आधीपासून असेल तर विमा त्याचा खर्च देतो का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

सामानाबाबत एक इशारा. यूएई आणि सौदीत खसखस नेण्यास बंदी आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात ती बऱ्याचदा असते, तेव्हा मसाला न्यायचाच तर बिनखसखशीचा करा. ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी वेदनाशामक आणि झोपेच्या काही गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि काही औषधांना आधी परवानगी घ्यावी लागते.

अम्मीचं नाव कागदावर आहे का?

ही बाब सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. उद्या पतीचं निधन झालं तर कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला मिळतं, पण कागद जुळले तरच. आपल्याकडे एकाच बाईचं नाव पीपीओवर 'बी', आधारवर 'बानू' आणि पासपोर्टवर 'बेगम' असतं. कुठे शेख, कुठे शैख. आयुष्यभर याने काही अडलेलं नसतं, अडतं ते नेमकं इद्दतच्या दिवसांत, तेही परदेशात. तिन्ही ठिकाणी नाव एकसारखं करून घ्या. तिचंही नाव खात्यावर, 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असेल तो' या पद्धतीने असू द्या.

आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसाहक्काप्रमाणेच होते, त्यात मुलींचाही हिस्सा आहे. वसीयत करायची तर ती एक तृतीयांशापर्यंतच. मृत्यूनंतर मुखत्यारपत्रही संपतं, त्यावर विसंबून राहू नका. शिलकीवर जकात निघत असेल तर तिचा हिशोबही दोघांना माहीत असावा.

राहता येईल का, हे आधी बघा

मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. दिवसभर फ्लॅटमध्ये दोघंच आणि बाहेर चाळीस-पंचेचाळीस डिग्री ऊन. रंकाळ्यावरची सकाळची फेरी नाही, असरनंतरची मशिदीबाहेरची बैठक नाही. कुणाला हे जमतं, कुणाला नाही. म्हणून पहिल्या वर्षी हिवाळ्याचे तीन-चार महिने राहून बघा. इथलं घर लगेच विकू नका, कायमचं भाड्यानेही देऊ नका. परत यावंसं वाटलं तर यायला जागा असली पाहिजे.

मुलं चांगलीच असतात, अल्हम्दुलिल्लाह. तरीही एटीएम कार्ड आणि पिन आपल्याच हातात असावं. यात मुलांवर अविश्वास काही नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा हा पैसा आहे. नातवाला ईदी देताना मुलाकडे हात पसरावा लागू नये, एवढी सोय तरी त्यातून व्हायला हवी.