कांद्यात माणसापेक्षा जास्त डीएनए कशाला?

शाळेच्या प्रयोगवहीत कांद्याच्या पापुद्र्याची आकृती सगळ्यांनीच काढलेली असते. आयोडीनचा थेंब टाकला की विटांसारख्या पेशी दिसतात आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. त्यातल्या डीएनएच्या एका संचात सुमारे १६०० कोटी अक्षरं असतात. माणसाच्या संचात ती भरतात जेमतेम ३१० कोटी!

माणसाचा अहंकार दुखावायला एवढं पुरे होतं. पण उभयचरांत कांद्यालाही मागे टाकणारा एक प्राणी आहे. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला ॲक्सोलोटल. बाहेर आलेले पिसांसारखे कल्ले मिरवत हा जन्मभर डिंभकरूपातच राहतो, तसाच वयात येतो आणि तुटलेला पाय हाडासकट पुन्हा उगवतो. २०१८मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला : ३२०० कोटी अक्षरं, म्हणजे कांद्याच्या दुप्पट. प्रथिनं बनवणारी जनुकं मात्र सुमारे २३ हजार. माणसाची वीस हजारांच्या आसपास.

मग बाकीचं काय? बरंचसं भरताड. स्वतःच्या नकला काढत जनुकसंचात कुठेही घुसणारे डीएनएचे तुकडे असतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना ते मक्यात सापडले आणि त्यासाठी १९८३चं नोबेल मिळालं. ॲक्सोलोटलमध्ये असा पुन्हापुन्हा येणारा मजकूर जवळपास दोन तृतीयांश आहे. कांदाही याच वाटेने फुगला. त्याची गुणसूत्रं सोळाच, पण चांगली लठ्ठ. म्हणून तर कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला कांद्याचीच मुळं घेतात.

हा सगळा डीएनए कामाचाच आहे, असं म्हणणाऱ्यांना कॅनडाचे रायन ग्रेगरी यांनी २००७मध्ये सरळ विचारलं : मग कांद्याला तो माणसाच्या पाचपट कशाला लागतो? शिवाय कांद्याच्या भावकीतल्या जातींमध्येच हे प्रमाण चौपटीहून अधिक बदलतं. मला तरी हा प्रश्न बिनतोड वाटतो.

अर्थात भरताड फुकटात सांभाळता येत नाही. डीएनए वाढला की केंद्रक आणि पेशी मोठी होते, तिचं विभाजन रेंगाळतं. ॲक्सोलोटलसारख्या सॅलमँडरांच्या रक्तपेशी म्हणूनच आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या असतात. पाय पुन्हा उगवण्याचं श्रेयही या अवाढव्य संचाला द्यायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही.

याच्या उलट टोकाला आहे पाण्यात तरंगणारी, पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया गिबा. कासच्या सड्यावरच्या ‘सीतेच्या आसवां’ची सख्खी नातलग. तिच्या संचात अक्षरं जेमतेम १० कोटी आणि जनुकं २८ हजारांच्या वर, ॲक्सोलोटलपेक्षाही जास्त.