जोखीम-नियोजनाचा खरा विषय : आल्बुकर्कच्या आगीवरून एक विवेचन

वाणिज्यशास्त्राच्या ग्रंथांत जोखमीचे विवेचन बहुधा एका गुणाकारापासून सुरू होते. एखादी आपत्ती ओढवण्याची संभाव्यता आणि ती ओढवल्यास होणारी हानी यांचा गुणाकार म्हणजे त्या आपत्तीची जोखीम, असे मानले जाते. ज्या घटना वारंवार घडतात आणि ज्यांच्या नोंदी दीर्घकाळ ठेवलेल्या असतात, त्यांच्या बाबतीत ही रीत उपयुक्त आहे. विम्याचा व्यवहार मुख्यतः तिच्यावरच उभा आहे. परंतु मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता या दोन भिन्न गोष्टी होत, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच दाखवून दिले होते. उद्योगसंस्थेला जेरीस आणणारी संकटे पुष्कळदा दुसऱ्या वर्गात मोडतात. मग ज्यांची संभाव्यताच ठाऊक नाही, अशा घटनांसाठी नियोजन कशाचे करावयाचे? प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१७ मार्च २००० रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्क येथे फिलिप्स कंपनीच्या चिप-कारखान्यात आग लागली. ती सुमारे दहा मिनिटांत विझली. इमारतीची हानी मोठी नव्हती. तथापि, जेथे धुळीचा कणही चालत नाही अशा उत्पादन-कक्षांत धूर आणि पाणी शिरले व ते कक्ष निकामी झाले. या कारखान्याच्या मागणीपैकी सुमारे ४० टक्के वाटा मोबाइल फोन बनविणाऱ्या दोन कंपन्यांचा होता : फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. माल येण्यास सुमारे एक आठवड्याचा विलंब होईल, असे प्रारंभी दोघींनाही कळविण्यात आले. म्हणजे घटना एक, पुरवठादार एक आणि हाती आलेली माहितीही जवळजवळ एकच होती.

येथून पुढे मात्र दोघींचे मार्ग वेगळे झाले. नोकियाने हा विलंब किरकोळ वाटत असतानाच त्या सुट्या भागांना विशेष देखरेखीच्या यादीत घातले आणि पुरवठादाराकडे रोजच्या रोज चौकशी आरंभिली. विलंब आठवड्याचा नसून कित्येक आठवड्यांचा, कदाचित महिन्यांचा आहे, हे मार्चअखेर स्पष्ट होताच प्रश्न दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांपर्यंत नेण्यात आला. फिलिप्सच्या अन्य कारखान्यांतील उत्पादनक्षमता या कामाकडे वळविण्यात आली आणि काही चिपांची रचना बदलून त्या दुसऱ्या उत्पादकांकडून मिळविण्यात आल्या. एरिक्सनमध्ये ती वार्ता खालच्या स्तरावरच राहिली. वरिष्ठांना तिचे गांभीर्य एप्रिलमध्ये उमगले, तोवर मोकळी उत्पादनक्षमता उरली नव्हती. खर्च कमी करण्याच्या धोरणानुसार कंपनीने पूर्वीच पुरवठादारांची संख्या घटविली होती, त्यामुळे काही महत्त्वाच्या चिपांना पर्यायही नव्हता. विक्रीतील नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे एरिक्सनने जाहीर केले. पुढे २००१ मध्ये तिने आपला मोबाइल फोनचा व्यवसाय सोनीसमवेतच्या संयुक्त कंपनीकडे सोपविला. या निर्णयास इतरही कारणे होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सारा दोष त्या दहा मिनिटांच्या आगीवर टाकणे न्याय्य होणार नाही.

यावरून ‘प्रत्येक वस्तूचे दोन पुरवठादार असावेत’ एवढाच निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकमध्ये बसविला जाणारा एक लहानसा, किमतीने क्षुल्लक असा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ पूर्णतः याच कारखान्यातून मिळत असे आणि त्याचा साठा अत्यल्प होता. टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने थांबले. परंतु आयसिनने आपले आराखडे इतरांना खुले केले, सुमारे दोनशे लहानमोठ्या संस्था या ना त्या प्रकारे कामास लागल्या, आणि अवघ्या काही दिवसांत मोटारींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. येथे पर्यायी पुरवठादार नव्हता. दीर्घकाळ जोपासलेले व्यावसायिक संबंध होते. अवलंबित्व एकाच ठिकाणी असणे हा धोका खराच. पण ते कोठे आहे याची जाण नसणे हा त्याहून मोठा धोका होय.

या दृष्टीने संभाव्यतेऐवजी कालावधीचे मोजमाप घेणारी पद्धती अभ्यसनीय आहे. डेव्हिड सिम्ची-लेवी यांनी फोर्ड मोटार कंपनीसाठी केलेल्या कामात प्रत्येक पुरवठा-केंद्राविषयी दोन प्रश्न विचारले गेले : ते केंद्र बंद पडल्यास पूर्ववत होण्यास किती काळ लागेल, आणि त्याच्यावाचून आपले उत्पादन किती काळ चालू राहील? पहिला काळ दुसऱ्याहून मोठा असेल, तर जितका फरक तितकी आपली उघडी बाजू. आग, पूर वा संप यांपैकी नेमके काय ओढवेल, हे येथे ठाऊक असावे लागत नाही. विशेष म्हणजे, ज्यांवर खर्च थोडा होतो अशा केंद्रांतही मोठी हानी दडलेली असू शकते, असे त्या अभ्यासात आढळले. आयसिनचा व्हॉल्व्ह हे त्याचेच उदाहरण म्हणता येईल.

अर्थात, अशा नियोजनाला मूल्य पडते. जादा साठ्यात भांडवल अडकते, दुसरा पुरवठादार ठेवल्यास घाऊक खरेदीचा लाभ घटतो आणि संकट न आल्यास हा खर्च दरवर्षीच्या हिशेबात व्यर्थ दिसतो. काटकसर ताळेबंदात तत्काळ दिसते, तिने वाढविलेली जोखीम मात्र दिसत नाही. एरिक्सनच्या निर्णयाचे मर्म येथेच आहे. परंतु आल्बुकर्कच्या प्रकरणात ज्या दोन गोष्टींनी प्रथम भेद घडविला, त्या फारशा खर्चिक नव्हत्या. एक, किरकोळ वाटणारी वार्ताही कोणत्या मर्यादेनंतर वर कळवावयाची, याचा दंडक. आणि दुसरी, ती कळल्यावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, याची पूर्वनिश्चिती. एखाद्या संस्थेच्या जोखीम-आराखड्याचे परीक्षण करताना अभ्यासकाने त्यातील संकटांची यादी किती लांब आहे हे पाहण्यापूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावीत.