पाना घेऊन नदीप्रवास

लांबच्या नदीप्रवासाला निघताना आमच्या बोटीवर दोन याद्या असतात. एक यांची: कुठलं संग्रहालय, कुठला जुना वाडा, कुठली रणभूमी. दुसरी माझी: रबरी इंपेलर, व्ही-बेल्ट, डिझेलचे फिल्टर, ग्लँडची दोरी, होज क्लिपा. हे इतिहासाचे मास्तर, मी सांगलीची मेकॅनिकल डिप्लोमा. अलाबामातल्या हंट्सव्हिलला स्थायिक झाल्यावर आम्ही एक जुनी डिझेल ट्रॉलर घेतली. तेव्हापासून शरद ऋतूत चॅटानूगाहून टेनेसी नदीनं खाली आणि पुढे टेनेसी-टॉमबिगबी म्हणजे टेन-टॉम कालव्यातून मोबाइलच्या उपसागरापर्यंत जातो. मुक्काम कुठे आणि किती, हे बहुतेक वेळा माझीच यादी ठरवते.

टेनेसी सुमारे 1,050 किलोमीटर लांबीची, पण आता ती सलग वाहत नाही. 1933 साली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली, आणि आज मुख्य प्रवाहावर नऊ धरणं आहेत. प्रत्येक धरणाशी बोटींसाठी लॉक. फ्लॉरेन्सजवळच्या विल्सन धरणाच्या लॉकमध्ये बोट सुमारे 28 मीटर खाली उतरते. भिंतीतल्या तरंगत्या खुंटाला दोर टाकून उभं राहायचं, पाण्याबरोबर खुंटही खाली सरकतो. वरच्या आकाशाचा तुकडा लहान होत जातो. आमच्यासारख्यांना पैसे पडत नाहीत, मात्र मालवाहू बार्ज आल्या की त्या आधी. मग दोन-तीन तास ताटकळायचं. मी तेवढ्यात बेल्टचा ताण बघून घेते.

दुरुस्ती काही बोटींनाच लागते असं नाही. चॅटानूगाच्या खाली हेल्स बार नावाचं 1913 चं धरण होतं. पाया चुनखडकाचा, त्यामुळे पहिल्यापासून गळतं. सिमेंट ओतलं, डांबर ओतलं, गळती पुन्हा हजर. शेवटी 1967 मध्ये जवळच निकजॅक धरण बांधून त्याला रजा दिली. जुनं वीजघर अजून काठावर उभं आहे. यांना ते ‘औद्योगिक वारसा’ म्हणून बघायचं असतं. मला त्यात चुकलेला पाया दिसतो. अलीकडे 2024 मध्ये तर दोन लॉक मोडले: जानेवारीत टॉमबिगबी नदीवरच्या डेमोपोलिसचा, तो काही महिने बंद होता, आणि सप्टेंबरमध्ये विल्सनचा मोठा, त्याच्या दारांना भेगा सापडल्या.

आता मुख्य गोष्ट. गाडीच्या इंजिनाला वारा लागतो, बोटीच्या इंजिनाला लागत नाही. ते नदीचंच पाणी ओढून गार होतं. बुडातल्या कॉकमधून पाणी येतं, गाळणीतून पंपात जातं, हीट एक्स्चेंजरमध्ये इंजिनाची उष्णता घेतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. कृष्णाकाठी बाबांचं किर्लोस्कर इंजिन पाणी उसाला द्यायचं, हे स्वतःच पिऊन टाकतं, एवढाच फरक. म्हणजे नदीतलं जे काही आहे, पानं, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, ते सगळं इंजिनाच्या दारात येऊन थांबतं. शरदात पानगळ असते, तेव्हा तर विचारूच नका. गाळणी तुंबली की पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरतो, आणि कोरडा फिरलेला इंपेलर बघता बघता पाती टाकतो.

फ्लॉरेन्सच्या बंदरात शिरताना मागचं पाणी बंद झालेलं मला आवाजावरून कळलं. धुराचा आवाज एकदम पोकळ झाला. पंप उघडला तर सहापैकी चार पाती गायब. नवा इंपेलर बसवणं सोपं, जिकिरीचं काम असतं ते तुटलेले तुकडे शोधण्याचं. ते पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत अडकतात. तीन सापडले, चौथ्यासाठी टोपी उघडावी लागली आणि तिचं गॅस्केट फाटलं. ते मागवण्यात दुसरा दिवस गेला.

हे खूश! नदीपलीकडच्या टस्कंबियात अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांचं जन्मघर आहे. मरीनावाले पाहुण्यांना एक जुनाट गाडी वापरायला देतात, तिला ‘कर्टसी कार’ म्हणतात. वाणसामान आणि सुटे भाग आणायला दिलेल्या या गाड्यांनीच आम्ही निम्मी अमेरिका पाहिली आहे. घर साधं, पांढरं, लाकडी. अंगणात तो हातपंप. 1887 च्या एप्रिलमध्ये शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांनी याच पंपाचं पाणी सात वर्षांच्याही न झालेल्या हेलनच्या एका हातावर सोडलं आणि दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरं लिहिली. यांचे डोळे भरून आले. मीही गप्प होते, पण खरं सांगायचं तर दांडा किती झिजलाय ते बघत होते. सव्वाशे वर्षांवर टिकलेलं बिडाचं यंत्र आणि माझं ते रबर!

अमेरिकी यादवी युद्धातली शायलोची रणभूमी पुढच्या पिकविक धरणाहून गाडीनं पाहिली. 1862 च्या एप्रिलमधले दोन दिवस आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 24,000 मृत, जखमी व बेपत्ता. तिथे कुणी फार बोलत नाही.

पिकविकच्या तलावातून टेन-टॉमला वळलं की 377 किलोमीटर आणि दहा लॉक. 1972 ते 1984 अशी बारा वर्षं हे काम चाललं. वरचा भाग डोंगर कापून काढलेला, सरळ आणि कंटाळवाणा. खाली टॉमबिगबी नदीत मात्र जागं राहावं लागतं. पुरानं आणलेले ओंडके पाण्याच्या पातळीशी झोपलेले असतात. एक पंख्याला लागला की चाकावर थरथर जाणवते. मग बोट पट्ट्यांवर उचलून पातं सरळ करून घ्यायचं. पंख्याच्या दांड्याच्या ग्लँडमधून चालताना मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत. नवखे ते बघून घाबरतात आणि नट आवळतात, मग दांड्याला चरे पडतात.

तुम्ही कधी या वाटेनं आलात तर डेमोपोलिसला दोन रात्री काढा. 1817 मध्ये नेपोलियनचे हद्दपार अनुयायी इथे द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकवायला आले होते, शेती बुडाली आणि गाव उरलं. जवळचे खडूचे पांढरे कडे सकाळच्या उन्हात बघा. पण त्याआधी फिल्टर बदला, गाळणी धुवा, टाकी भरा. इथून मोबाइलपर्यंतच्या साडेतीनशे किलोमीटरांत दुरुस्तीला धड मरीना नाही.